यंदा नरकासुर सुटला का?

नमस्कार मंडळी.

मला आज 'परदेशातली दिवाळी' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. पण मी थोडं वेगळं बोलणार आहे, कारण माझ्या धाकट्या मुलीचा एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये. माझी आई श्रावणात गेली. वर्ष होईपर्यंत सण नाही, कंदील नाही, कढई चढवायची नाही, असं घरात ठरत होतं. ते ऐकून ती म्हणाली, "म्हणजे यंदा नरकासुर सुटला?"

सिंधुदुर्गातल्या आणि गोव्याकडच्या मंडळींना काही सांगायला नकोच. चाव दिवसाची, म्हणजे नरक चतुर्दशीची पहाट, तुळशीपुढे कारीट, म्हणजे नरकासुर समजून फोडायचं ते छोटं कडू रानफळ, त्यावर डाव्या पायाचा अंगठा, 'गोविंदा गोविंदा', जिभेला लावलेला तो कडूजहर थेंब. आणि मग गूळपोहे, ताकातले पोहे, काळ्या वाटाण्यांची उसळ.

टोरोंटोत कारीट कुठून आणायचं? आई सुपर व्हिसावर, म्हणजे आईवडिलांना इथे मुलांकडे बराच काळ राहता येतं त्या व्हिसावर आली तेव्हा तिनंच तोड काढली. आमच्याजवळच्या पार्कात क्रॅबॲपलच्या झाडाखाली बोराएवढी लाल फळं पडलेली असतात. ती तिनं पदरात वेचून आणली, एक जिभेला लावून पाहिलं आणि म्हणाली, "कडू नाय, आंबट आसा. चलतला." तेव्हापासून आमच्या घरचा नरकासुर क्रॅबॲपलचा. 2024 साली चतुर्दशी नेमकी 31 ऑक्टोबरला आली. पहाटे नातीनं नरकासुर फोडला आणि संध्याकाळी हॅलोविनची पोरं दारात आली, तेव्हा आजी हौसेनं सगळ्यांना चॉकलेटं वाटत बसली होती.

यंदा या कारटावरून कुडाळच्या दादाशी माझं वाजलं. "आई जाऊन तीन महिने व्हायचेत, आणि तू चाव दिवस करतोस?" फोनवर आवाज चढले, शेवटी वहिनीनं फोन हातात घेतला. दादा तिथे आईच्या रिकाम्या खोलीशेजारी झोपतो. त्याच्या दुःखाचा मला पूर्ण आदर आहे. पण मुलीचा प्रश्नही मला खराच वाटत होता.

मग बाबा गेले तेव्हाची दिवाळी आठवली. तेव्हाही आईनं कढई चढवली नव्हती. पण आमची ओसरी डब्यांनी भरली होती. चकल्या, रव्याचे लाडू, कुणाच्या करंज्या. डबे रिकामे परत गेले तरी कुणाला काही वाटलं नाही. आणि पहाटे शेजारच्या काकू येऊन आम्हा भावंडांना उठवून घेऊन गेल्या. त्यांच्या न्हाणीघरात आंघोळ, त्यांच्याच तुळशीपुढे कारीट. आमचा नरकासुर त्या वर्षी त्यांच्या अंगणात फुटला. दुःखाचं घर थांबायचं, वाडी थांबायची नाही. घराला थांबता यायचं ते वाडी होती म्हणूनच.

मंडळी, आता जरा रागावून बोलतो, आपलेच आहात म्हणून. आपण इथे येताना या रीतीचा अर्धाच भाग सोबत आणला. 'करू नये' तेवढं आणलं. डबा घेऊन जाणारी माणसं मागेच राहिली. आपल्यापैकी कुणाचे आईवडील गेले की ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागते, आणि नंतर "आत्ता कशाला त्रास द्यायचा" म्हणून कुणी बेल वाजवत नाही. अहो, द्या ना त्रास! जेवायच्या वेळेला या, न सांगता या, पोरांना घेऊन जा. मेळाव्याला बटाटेवडे कोण आणणार, याची यादी आपण महिनाभर आधी करतो. यंदा कुणाच्या घरी सण नाही, याचीही एक यादी करा. माझी एवढीच मागणी आहे.

आम्ही यंदा कंदील लावला नाही, तळण केलं नाही. फक्त गारठ्यात घरात घेतलेली तुळशीची कुंडी पहाटे मागच्या डेकवर नेली. दवानं ओल्या फळीवर धाकटी अनवाणी उभी राहिली. गार पडलेलं फळ अंगठ्याखालून निसटत राहिलं. शेवटी फटकन फुटलं, तेव्हा तिनं जो 'गोविंदा' ठोकला, त्यानं शेजारच्या कुत्र्यालाही जाग आली. मग आईच्या मापानं गूळपोहे केले, फ्रोझन खोबरं घालून. दादाला फोटो पाठवला नाही. पुढच्या श्रावणात वर्षश्राद्धाला जाईन तेव्हा समोरासमोर बोलेन.

पण माझी काळजी वेगळीच आहे. आपली मुलं भेटतात ती गणपतीच्या आणि दिवाळीच्या नाचाच्या तालमीला. कार्यक्रम झाला की आपापल्या गाडीत बसून आपापल्या गावाला जातात, एकमेकांची घरं त्यांनी आतून पाहिलेली नाहीत. गूळपोहे मी मुलीला शिकवीन. पण उद्या मी नसेन, त्या वर्षी पहाटे तिच्या लेकरांना उठवून आपल्या घरी न्यायला या पोरांपैकी कोण जाईल?