आधी डोळे, मग मोबाईल

(दृश्य : सकाळ. महाराष्ट्र निसर्ग उद्यान. झाडीच्या मागून रस्त्यावरच्या वाहनांचा आवाज.)

धारावीला खेटून, मिठी नदीच्या काठावर ही झाडी आहे. एकेकाळी मुंबईचा कचरा इथे येऊन पडायचा. त्या सदतीस एकरांच्या उकिरड्यावर माती टाकली, झाडं लावली आणि हे उद्यान उभं राहिलं. आज मराठी शाळेतली पाचवी-सहावीची मुलं इथे आली आहेत. गणवेश, डबा, पाण्याची बाटली, प्रत्येकाकडे एक वही. आणि पाच जणांत मिळून एक मोबाईल. तो सध्या बाईंच्या पिशवीत आहे.

(आवाज : टुक्... टुक्... टुक्...)

एका लयीत चाललेली ही टुकटुक ऐकून एक मुलगा म्हणतो, "बाई, कुठंतरी बिल्डिंगचं काम चाललंय." मुंबईत हा अंदाज वावगा नाही. बाई फक्त विचारतात, "वरून येतंय की खालून?" माना वर होतात. उंबराच्या वाळक्या फांदीवर काहीतरी हिरवं बसलंय. आता प्रश्न सुरू होतात. चिमणीएवढं? नाही, मोठं. साळुंकीएवढं? नाही, लहान. कपाळ कसलं? लाल. गळा? पिवळा. आवाज काढताना डोकं हलतंय का? हलतंय! एवढं वहीत उतरलं की मगच पिशवीतून मोबाईल बाहेर येतो.

मोबाईलमध्ये आहे मर्लिन. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेनं २०१४ मध्ये आणलेलं, फुकट मिळणारं अ‍ॅप. ते जे विचारतं, तेच बाईंनी आधी विचारून घेतलेलं असतं. पक्षी कुठे दिसला, कधी दिसला, केवढा होता, रंग कोणते, काय करत होता. उत्तरं भरली की संभाव्य पक्ष्यांची यादी फोटोंसकट समोर येते. त्या यादीत तांबट सापडतो आणि मुलं ओरडतात. तोवर तांबट उडून गेलेला असतो, पण आता त्याचं वर्णन वहीत आहे.

फोटो काढला की नाव सांगणारी अ‍ॅप्ससुद्धा आहेत, मर्लिनमध्येही ती सोय आहे. मग एवढा उपद्व्याप कशाला? कारण फोटोवरून मिळालेलं नाव मूल दुपारपर्यंत विसरतं. रंग, आकार, सवय अशी एकेक पायरी चढून हाती आलेलं नाव मात्र टिकतं. निदान बाईंचा अनुभव तसा आहे, आणि आम्हाला तो पटला.

(दृश्य : जुनी छायाचित्रं. लाकडी खणांमधले पक्ष्यांचे नमुने.)

याच शहरात, १९०८ साली, एक मुलगा एअरगननं मारलेली एक वेगळीच चिमणी घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला होता. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. सोसायटीचे सचिव मिलार्ड यांनी त्याला नाव सांगितलं आणि पक्ष्यांच्या नमुन्यांनी भरलेले खणच्या खण उघडून दाखवले. तो मुलगा म्हणजे पुढे नामवंत पक्षीतज्ज्ञ झालेले सालिम अली. आज नमुन्यांचा खण मोबाईलच्या पडद्यावर उघडतो, आणि त्यासाठी चिमणी मारावी लागत नाही. खण उघडून दाखवणारं माणूस मात्र शेजारी असलेलं बरं.

(दृश्य : बोरिवली, संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. कान्हेरीकडे जाणारा रस्ता.)

२०२१ पासून मर्लिन आवाजही ओळखतं. आवाजाचं ते आधी चित्र करतं. कोणत्या क्षणी किती उंच स्वर, हे पडद्यावर रेघांसारखं उमटतं, आणि ती नक्षी साठवलेल्या हजारो ध्वनिमुद्रणांवर शिकलेलं सॉफ्टवेअर वाचतं. मुलांना नावापेक्षा त्या रेघाच जास्त आवडतात. कोकीळ चढत गेला की रेघ चढते. टिटवी ओरडली की वेगळीच नक्षी.

पण इथे भृंगराज राहतो. शेपटीला दोन लांब तारा, त्यांच्या टोकाला पिसाचे झुबके. हा नकलाकार आहे, दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढतो. मग पडद्यावर नाव येऊ शकतं शिक्रा या शिकारी पक्ष्याचं, आणि फांदीवर असतो भृंगराज. बाई अशाच संधीची वाट पाहत असतात. "मोबाईल म्हणतोय शिक्रा. तुम्हाला काय दिसतंय?" यंत्राला चूक ठरवण्यात सहावीच्या मुलांना किती आनंद होतो, ते बघायलाच हवं.

कीटक, झाडं, बुरशी यांच्यासाठी सीक नावाचं दुसरं अ‍ॅप आहे, आय-नॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळवाल्यांचं. त्यात खातं उघडावं लागत नाही, मुलांची माहिती द्यावी लागत नाही, म्हणून शाळेला ते सोयीचं. पानावरच्या फुलपाखरासमोर कॅमेरा धरला की वर सात ठिपके दिसतात आणि ते एकेक करून भरू लागतात. सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. विज्ञानाच्या पुस्तकातली ही उतरंड पाठ करून मुलं कंटाळलेली असतात. इथे ती डोळ्यांदेखत भरते, आणि कधी कधी कुलावरच अडते. मग कोन बदला, जवळ जा, पंखांची खालची बाजू दाखवा. तरीही अडलं तर वहीत तेवढंच लिहायचं. पुढे प्रश्नचिन्ह.

(दृश्य : ओहोटी. हाजी अलीजवळचे खडक.)

समुद्राकाठी ही प्रश्नचिन्हं वाढतात. ज्या जीवाचे फोटो कमी, त्याची ओळख सॉफ्टवेअरला कच्ची. कावळ्या-कबुतरांच्या फोटोंना जगात तोटा नाही, खडकाच्या कपारीतल्या इवल्या गोगलगायीला कोण विचारतं? मरीन लाइफ ऑफ मुंबई हा गट २०१७ पासून ओहोटीला लोकांना असल्या खडकांवर नेतो आणि दिसलेले जीव आय-नॅचरलिस्टवर नोंदवतो. तिथे जाणकार माणसं ओळख पटवतात. आजच्या वर्गात कोळीवाड्यातली दोन मुलं आहेत. निवटी मासळी चिखलातून कशी उड्या मारते, कुठल्या बिळात शिरते, हे ती अ‍ॅपपेक्षा पुष्कळ जास्त सांगतात. आज बाई त्यांच्याच मागून चालतात.

(दृश्य : शाळेची संगणक खोली. भिंतीवर प्रोजेक्टर.)

एका बाबतीत मोबाईल बाहेर काढायचाच नाही, असा नियम आहे. साप दिसला तर. मुंबईच्या इमारतींत भिंतीवरून चढणारा कवड्या साप बिनविषारी, आणि त्याच्यासारखी दिसणारी मण्यार अत्यंत विषारी. ओळख नक्की करायला फोटो हवा, फोटोला जवळ जायला हवं, आणि जवळच तर जायचं नाही.

म्हणून हा धडा संगणक खोलीत होतो. पडद्यावर फोटो येतात, मुलं बटण दाबून उत्तर देतात. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक, शेपटीकडे पुसट. मण्यारीचे डोक्याजवळ पुसट किंवा नाहीतच, शेपटीकडे स्पष्ट. सुरुवातीला वर्ग सरळ दोन तट पडून भांडतो. मग फोटो अर्धा झाकून येतो, कधी नुसती शेपटी, कधी कात टाकायला आलेला निस्तेज साप. आणि चांगली तयारी झालेली मुलंही चुकू लागतात. बाईंना तेच दाखवायचं असतं.

शेवटच्या फोटोखाली पर्याय तीन आहेत. कवड्या, मण्यार, सांगता येत नाही. तिसरं बटण दाबलं की पडद्यावर नाव येत नाही, वनविभागाचा मदत क्रमांक येतो : १९२६.