ताप उतरला, पोट मात्र आजारीच राहिलं

श्रोतेहो, नमस्कार.

ताप उतरून दोन महिने झाले होते. सकाळी दात घासायला उभी राहिले आणि हात इतका भरून आला की ब्रश तोंडात तसाच ठेवून मी जवळच्या स्टुलावर बसले. जेवताना दोन घास जास्त गेले की पोट टम्म फुगायचं, आणि तासाभरात डोकं जड होऊन डोळ्यांवर झापड यायची. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. त्याच आठवड्यात फळ्यावर पेशीची आकृती काढली, बाण ओढला आणि त्या बाणापुढे काय लिहायचं तेच आठवेना. वर्षानुवर्षं शिकवलेला शब्द. पहिल्या बाकावरच्या मुलीने हळूच सांगितला, तेव्हा लिहिला.

रक्त तपासलं, छातीचा एक्स-रे काढला. सगळं नॉर्मल. ज्यांना दाखवलं त्या डॉक्टरांनी पोटाबद्दल एक प्रश्नही विचारला नाही. "फार मनावर घेऊ नका, फिरायला जात जा," म्हणाले. मी गेले. पुढचे दोन दिवस अंथरुणातून उठता आलं नाही.

आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो, असं आपण म्हणतोच. पण काही जणांच्या बाबतीत ती मुंगी वाटेतच थांबते. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2021 मध्ये कोविडनंतरच्या या अवस्थेची व्याख्या केली. साधारणपणे आजार सुरू झाल्यापासून 3 महिन्यांनी आढळणारी, निदान 2 महिने टिकणारी आणि दुसऱ्या कुठल्याही निदानात न बसणारी लक्षणं, असा तिचा गाभा आहे. हे एकट्या कोविडचंही नाही. एपस्टाइन-बार विषाणूमुळे येणाऱ्या ग्रंथिज्वरानंतर काहींचा थकवा महिनोन् महिने रेंगाळतो, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत आहे. आज मला बोलायचंय ते या रेंगाळणाऱ्या दुखण्यातल्या पोटाच्या वाट्याबद्दल, कारण तो सहसा कुणी विचारतच नाही.

आतड्याच्या आतलं अस्तर जेमतेम एका पेशीइतकं जाड असतं. एका बाजूला आपण खाल्लेलं अन्न आणि अब्जावधी जंतू, दुसऱ्या बाजूला रक्त, आणि मधे पेशींचा एवढाच एक थर. तो सतत झिजतो आणि दर चार-पाच दिवसांनी नव्याने उभा राहतो. त्याच्या लगेच मागे शरीराच्या प्रतिकारशक्तीची सगळ्यात मोठी फौज तळ ठोकून असते. कोरोनाचा विषाणू पेशीत शिरतो तो एसीई-टू नावाच्या प्रथिनाला धरून. आपण हा आजार फुप्फुसांचा समजत आलो, पण हे प्रथिन फुप्फुसांपेक्षाही लहान आतड्याच्या पेशींवर जास्त दाट असतं. म्हणजे विषाणूला आतड्यात शिरायला दार उघडंच होतं.

तो तिथे किती काळ राहतो? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सौम्य ते मध्यम आजार झालेल्यांच्या शौचाचे नमुने महिनोन् महिने तपासले. पहिल्या आठवड्यात जवळजवळ निम्म्या लोकांच्या शौचात विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय पदार्थ, सापडला. चार महिन्यांनी घशा-नाकात काहीच उरलं नव्हतं, तरी सुमारे 13 टक्के लोकांच्या शौचात तो होता. सात महिन्यांनीही जवळजवळ 4 टक्क्यांत होता. त्याआधी 2021 मध्ये दुसऱ्या एका गटाने आजारानंतर चार महिन्यांनी 14 जणांच्या लहान आतड्याचे तुकडे तपासले होते. त्यांतल्या 7 जणांत विषाणूच्या खुणा मिळाल्या. मात्र या माणसांना त्या वेळी काही त्रास नव्हता, हेही इथेच सांगायला हवं. खुणा सापडल्या म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं, असा हिशेब लगेच मांडता येत नाही.

तरीही धागा पुढे जातो, आणि मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवलं ते याच धाग्याने. सेरोटोनिनचं नाव आपण मनःस्थितीच्या संदर्भात ऐकतो. पण शरीरातलं सुमारे 90 टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होतं. त्याचा कच्चा माल म्हणजे ट्रिप्टोफॅन, अन्नातून मिळणारं एक अमिनो आम्ल. ऑक्टोबर 2023 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या गटाने या सगळ्याची एक साखळी मांडली. विषाणूचे अवशेष आतड्यात रेंगाळले की शरीर इंटरफेरॉन नावाची धोक्याची घंटा वाजवत राहतं. त्या गोंधळात आतडं ट्रिप्टोफॅन नीट शोषून घेत नाही आणि रक्तातलं सेरोटोनिन घटतं. आतड्यातून मेंदूकडे निरोप नेणारी व्हेगस ही नस मग मंदावते. उंदरांमध्ये याचा परिणाम मेंदूच्या हिपोकॅम्पस या भागापर्यंत पोचला, जिथे आठवणी घडतात, आणि त्यांची स्मरणशक्ती ढासळली. सेरोटोनिन भरून काढल्यावर ती सुधारली. हे उंदरांचं झालं. माणसांपैकी काही रुग्णांच्या रक्तात सेरोटोनिन कमी आढळलं, आणि सगळ्या रुग्णांचं दुखणं याच वाटेने जातं असं कुणी म्हणत नाही. पण ते वाचताना मला फळ्यावरचा तो अर्धवट बाण आठवला. शब्द न आठवण्याचा पोटाशी संबंध असू शकतो, ही शक्यताच मला तोवर कुणी बोलून दाखवली नव्हती.

आता आतड्यातल्या जंतूंकडे येऊ. हाँगकाँगमधल्या संशोधकांनी 106 कोविड रुग्णांचा सहा महिने पाठपुरावा केला. सहा महिन्यांनी त्यांतल्या 76 टक्के लोकांना काही ना काही त्रास उरलाच होता. ज्यांना त्रास उरला नव्हता, त्यांच्या आतड्यातला जंतूंचा संसार निरोगी माणसांसारखा पुन्हा बसला होता. ज्यांना उरला होता, त्यांचा विस्कटलेलाच होता. विशेषतः ब्युटिरेट बनवणारे जंतू घटले होते. आपण पचवू शकत नाही तो चोथा हे जंतू खातात आणि त्यातून ब्युटिरेट तयार करतात, आणि मोठ्या आतड्याच्या पेशींचं मुख्य इंधन तेच आहे. इंधन तुटलं की अस्तर कमकुवत होतं आणि दाह वाढतो. दीर्घ थकव्याच्या आजारात, ज्याला एमई-सीएफएस म्हणतात, तिथेही 2023 च्या अभ्यासांत असेच जंतू कमी आढळले. जंतू घटले म्हणून माणूस आजारी राहिला की आजारपणात खाणं, हालचाल, औषधं बदलली म्हणून जंतू घटले? बहुधा दोन्ही थोडंथोडं खरं असावं, असं मला वाटतं.

मग लगेच दुकानात जाऊन प्रोबायोटिकची, म्हणजे उपयोगी जिवंत जंतूंची, बाटली आणायची का? थांबा. हाँगकाँगच्याच गटाने 463 जणांवर चाचणी घेतली. तीन बिफिडोबॅक्टेरियम जंतू आणि त्यांचं खाद्य असं एक ठरावीक मिश्रण सहा महिने दिलं. थकवा, विसराळूपणा, लक्ष न लागणं आणि पोटाच्या तक्रारी, यांत नुसती खोटी पुडी घेणाऱ्यांपेक्षा जास्त लोकांना आराम पडला. बातमी चांगली आहे, पण ती त्या ठरावीक मिश्रणाची आहे. इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेने 2018 मध्ये याची दुसरी बाजू दाखवली. अँटिबायोटिक घेतलेल्या निरोगी लोकांना अकरा जातींचं प्रोबायोटिक दिलं, तर त्यांचे स्वतःचे जंतू परत यायला उलट उशीरच झाला. त्यामुळे "पोटाला चांगलं" एवढंच लिहिलेल्या डब्यावर पैसे घालण्याआधी त्यात नेमकं काय आहे आणि ते कुणावर तपासलंय, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

मी काय केलं ते सांगते. हा काही उपचार नाही, आणि घाई केली तर त्रासही होतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला निदान 25 ग्रॅम नैसर्गिक चोथा सांगते. तो भाज्या, फळं, डाळी आणि अख्ख्या धान्यांतून मिळतो. मी पहिल्याच दिवशी सगळं ताटात ओतलं आणि पोटदुखीने रात्रभर तळमळले. रुसलेल्या आतड्याला चोथाही चमच्याचमच्याने द्यावा लागतो. मग आठवड्याला एकच नवा पदार्थ, तोही थोडाथोडा. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, म्हणून साध्या सर्दी-तापाला ते मागायचं बंद केलं. आणि एक वही ठेवली. डाव्या पानावर काय खाल्लं, काय काम केलं. उजव्या पानावर पोट, झोप, डोकं. तीन आठवड्यांनी पानं उलटून पाहिली तेव्हा कळलं की माझे वाईट दिवस श्रमाच्या दिवशी येत नव्हते. ते एक-दोन दिवसांनी येत होते.

ही उशिरा येणारी घसरण या दुखण्याची मोठी खूण आहे. ती असेल तर नेट लावून व्यायाम केल्याने माणूस आणखी खचतो. घरच्यांना मी पोटतिडकीने सांगते, त्याला आळशी म्हणू नका. अंगात त्राण आहे तोवरच काम थांबवायला त्याला मदत करा.

प्रत्येक तक्रार मात्र विषाणूच्या माथी मारू नका. शौचात रक्त पडत असेल, प्रयत्न न करता वजन उतरत असेल, जुलाबांनी रात्री झोपेतून उठावं लागत असेल, ताप पुन्हा येत असेल, रक्त कमी झालं असेल, तर वाट पाहू नका. थायरॉइड, सीलिॲक (गव्हातलं ग्लूटेन न सोसण्याचा आजार), आतड्याचा दाह यांच्या तपासण्या आहेत आणि उपचारही आहेत. डॉक्टरांकडे जाताना वही बरोबर न्या. पोटाचं त्यांनी विचारलं नाही, तर तुम्ही होऊन सांगा. मी दुसऱ्या खेपेला, दुसऱ्या डॉक्टरांसमोर, बसल्याबसल्या वही उघडून ठेवली. त्यांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं, मग दुसरं, आणि विचारलं, "हे पोट फुगणं तापाआधी होतं का?"

नव्हतं, म्हणाले मी. तिथून आमचं बोलणं सुरू झालं.

नमस्कार.