होमगार्डमध्ये जायचंय? फॉर्म भरण्याआधी हे ऐका

नमस्कार मंडळी. दिवसा मी बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यात लेथवर असतो. बोलावणं आलं की हा खाकी शर्ट अंगावर चढतो. पहिल्यांदा तो घालून गल्लीत आलो तेव्हा समोरच्या काकू म्हणाल्या, "काय रे, पोलिसात कधी लागलास? सांगितलं नाहीस की!" त्या दिवशी त्यांना घाईत काहीतरी उत्तर दिलं. आज नीट सांगतो. कारण आता गावातली पोरं आणि पोरीही फॉर्म हातात घेऊन माझ्याकडे येतात. त्यातले निम्मे चुकीच्या आशेने आलेले असतात आणि उरलेले कन्नड फॉर्म बघूनच घाबरलेले असतात.

होमगार्ड म्हणजे गृहरक्षक दल. हे स्वयंसेवकांचं दल आहे. सौंदत्तीची जत्रा, बेळगावातलं गणपती विसर्जन, शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, निवडणूक, कृष्णा-दूधगंगेचा पूर, सुवर्णसौधातलं विधिमंडळाचं अधिवेशन, अशा वेळी पोलिसांना माणसं कमी पडतात. तेव्हा आम्हाला बोलावतात. काम संपलं की आम्ही परत आपापल्या लेथवर, शेतात, दुकानात.

आपल्याकडे 'रिझर्व्ह' या शब्दाने फार घोळ होतो. मच्छेला केएसआरपीची, म्हणजे कर्नाटक राज्य राखीव पोलिसांची बटालियन आहे, जिल्ह्याचं डीएआर, म्हणजे सशस्त्र राखीव दल आहे. तीही राखीव दलंच, पण ती पगारी पोलीस. त्यांची भरती वेगळी, लेखी परीक्षा वेगळी. होमगार्डचा फॉर्म भरून तिकडे जाता येत नाही. पोलीस भरतीच करायची असेल तर तिचा अभ्यास करा. हे करताना तेही करता येतं, पण एकाला दुसरं समजू नका.

हे दल कुठून आलं ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात आपला संबंध आहे. डिसेंबर १९४६ मध्ये मुंबई प्रांतात, दंगलींच्या काळात, पोलिसांच्या मदतीला नागरिकांचं दल उभं केलं. मोरारजी देसाई तेव्हा प्रांताचे गृहमंत्री होते. ६ डिसेंबरला होमगार्ड दिन पाळतात तो त्याचाच. आणि त्या वेळी बेळगाव जिल्हा मुंबई प्रांतातच होता. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला आपण म्हैसूर राज्यात गेलो, आणि आज इथलं दल चालतं ते १९६२ च्या गृहरक्षक कायद्यावर. त्याच वर्षी चीनचं युद्ध झालं, आणि त्यानंतर केंद्राने राज्याराज्यांतली अशी वेगवेगळी दलं एका नावाखाली आणली.

आता पैशाचं. आधी पैशाचंच बोललेलं बरं. होमगार्डला पगार नसतो. ड्युटीच्या दिवसाचा भत्ता मिळतो. कन्नडात कागदावर 'गौरवधन' लिहिलेलं दिसेल, म्हणजे मानधन. गणवेश दलाकडून मिळतो. ११ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने हिमाचलच्या होमगार्डांच्या खटल्यात दोन गोष्टी सांगितल्या. एक, होमगार्ड हे स्वयंसेवक आहेत, म्हणून नोकरीत कायम करा ही मागणी मान्य होत नाही. दोन, दिवसाचा भत्ता असा द्या की तीस दिवसांची बेरीज राज्यातल्या पोलीस शिपायाच्या किमान वेतनाएवढी होईल. दुसरी गोष्ट ऐकून पोरं लगेच तीसने गुणायला लागतात. तिथेच चूक होते. तीस दिवस ड्युटी मिळेलच असं कुणी लिहून देत नाही. निवडणुकीच्या महिन्यात घरी यायला मिळत नाही, आणि भर श्रावणात दोन आठवडे फोन वाजत नाही. या भत्त्यावर बाइकचा हप्ता काढू नका. हातातलं काम सोडू नका. हे मी मनापासून सांगतोय, कारण माझ्याबरोबर भरती झालेल्या एका पोराने फाउंड्रीतली नोकरी सोडली होती, आणि नंतर घरात फार ताण झाला.

अर्ज कुठे मिळतो? जिल्हा गृहरक्षक दलाच्या कार्यालयात, किंवा तुमच्या तालुक्याच्या घटकात. युनिटला कन्नडातही 'घटक'च म्हणतात, आणि त्याच्या प्रमुखाला घटकाधिकारी. जिल्ह्याच्या प्रमुखाला मराठीत समादेशक, कन्नडात समादेष्टरु. जागा निघाल्या की तिथे सूचना लागते. केंद्राच्या चौकटीत १८ ते ५० वयाचा कुणीही नागरिक यात येऊ शकतो, पण वय, शिक्षण, उंची यांचे त्या वेळचे आकडे जिल्ह्याच्या सूचनेत असतात आणि तेच चालतात. व्हॉट्सअॅपवर फिरणारे जुने फोटो बघून अर्ज करू नका. 'मी नाव लावून देतो' म्हणत पैसे मागणारा भेटला तर त्याला एक रुपया देऊ नका.

[फॉर्म कॅमेऱ्यासमोर धरतो]

हा बघा फॉर्म. कन्नड. मराठी शाळेत शिकलेली आमची पोरं इथेच मान टाकतात. अहो, दहावीपर्यंत कन्नड विषय तुम्हालाही होताच की! आणि यातले निम्मे शब्द तर आपल्या घरातलेच आहेत. अर्जी म्हणजे अर्ज. सही म्हणजे सहीच. ठाणे म्हणजे ठाणं. हाजरी, रजे, बंदोबस्त, कवायतु, यातला कुठला शब्द तुम्हाला परका आहे? वयोमिति म्हणजे वयोमर्यादा. विद्यार्हते म्हणजे शिक्षण. 'देहदार्ढ्यते' वाचून दचकू नका, दृढ देह म्हणजे शारीरिक क्षमता, एवढंच. फसवणारा शब्द एकच, 'विळास'. त्याचा आपल्या विलासाशी काही संबंध नाही, तिथे पत्ता लिहायचा. हेसरु म्हणजे नाव, तंदेय हेसरु म्हणजे वडिलांचं नाव, हुट्टिद दिनांक म्हणजे जन्मतारीख. झालं. चार शब्द पाठ केले की फॉर्म तुमचा.

खरी अडचण वेगळीच असते, ती नावाची. आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा आपला क्रम. इकडच्या कागदांवर कधी आद्याक्षर पुढे, कधी मागे. आधारवर आडनाव एका स्पेलिंगने, दहावीच्या मार्क्स कार्डावर दुसऱ्या. गावाचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेने. माझा स्वतःचा अर्ज पहिल्यांदा परत आला तो यामुळेच. मार्क्स कार्डावर वडिलांचं नाव अर्धंच होतं आणि मी ते कधी नीट बघितलंच नव्हतं. म्हणून फॉर्म भरण्याआधी मार्क्स कार्ड, आधार आणि बँक पासबुक टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि अक्षर न् अक्षर ताडून बघा. फरक असेल तर आधारमध्ये दुरुस्ती करून घ्या, किंवा दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं प्रतिज्ञापत्र करा. हे काम जागा निघायच्या आधी करायचं. सूचना लागल्यावर धावपळ केली तर मुदत निघून जाते.

पोलीस चौकशी होते. मंडळाच्या मिरवणुकीत किंवा एखाद्या आंदोलनात नाव लागलेलं असेल, आणि आपल्या भागात अशी पोरं बरीच आहेत, तर लपवू नका. निकाल लागला असेल तर कोर्टाच्या आदेशाची प्रत जोडा. सांगितलेल्या केसपेक्षा लपवलेली केस जास्त नडते.

निवड झाली की प्रशिक्षण. मूळ शिबिर साधारण दहा दिवसांचं. 'मूल तरबेति' म्हणतात. त्यानंतर आठवड्याची परेड, आमच्याकडे रविवारी. शिबिरात कवायत, लाठी, रायफलची ओळख, वाहतूक नियंत्रण, प्रथमोपचार, आग विझवणं, पुरातून माणसं काढणं, सगळं थोडं थोडं येतं. तयारी मात्र महिनाभर आधी घरीच सुरू करा. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी जाऊन पळा, गावात असाल तर शेताच्या रस्त्यावर पळा. पळण्याइतकाच उभं राहण्याचा सराव करा. याकडे कुणी लक्ष देत नाही. सावधानमध्ये गुडघे ताठ आवळून उभं राहिलं की रक्त पायात साठतं आणि चांगला धडधाकट पोरगा परेडवर आडवा होतो. गुडघा अगदी किंचित सैल ठेवा, बुटात पायाची बोटं हलवत राहा, आणि उपाशीपोटी परेडला जाऊ नका. बूट नवे असतील तर शिबिराच्या आधी आठवडाभर घरात घालून फिरा. दुसऱ्या दिवशी टाचेला फोड आला की उरलेले आठ दिवस तुम्ही काहीच शिकत नाही, फक्त पाय सांभाळता.

प्रथमोपचाराच्या तासाला मागच्या रांगेत बसू नका, एवढी विनंती आहे. माणूस कोसळला, हाक मारली तरी उठत नाही, श्वास नाही, तर कुणाला तरी ११२ लावायला सांगायचं आणि छातीच्या मधोमध तळहाताने दाबायला लागायचं. पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. तीस वेळा दाबून दोन श्वास. हे ऐकायला सोपं वाटतं. बाहुल्यावर दोन मिनिटं करून बघा, खांदे भरून येतात. म्हणूनच दोघांनी आलटून पालटून करायचं शिकवतात. आणि पुराच्या भागात साप चावलेला माणूस आला तर चिरा मारायचा नाही, घट्ट दोरी बांधायची नाही. तो अवयव हलू द्यायचा नाही आणि थेट दवाखाना.

आता गर्दी. यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण आमचं निम्म्याहून जास्त काम हेच आहे. माघी पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लमाच्या डोंगरावर गेला असाल तर माहीत आहे. भंडाऱ्याने रस्ता पिवळा झालेला, डोक्यावर देवीचा जग, म्हणजे टोपलीतली देवी, घेतलेल्या बाया, 'उदं गं आई उदं'चा गजर, आणि जोगुळबावीपासून वरपर्यंत नुसती डोकी. अशा गर्दीत पुढचा माणूस अडकलाय हे मागच्याला दिसत नाही. तो ढकलत राहतो. रस्ता जिथे अरुंद होतो, पायऱ्या जिथे सुरू होतात, तिथे दाब साठतो. नवा होमगार्ड काय करतो? पुढे जाऊन लोकांना मागे रेटतो. त्याने दोन्हीकडून दाब वाढतो. करायचं उलटं. मागे, लांबवर, जिथे जागा मोकळी आहे तिथे हातात हात घालून साखळी धरायची आणि येणारा लोंढा थांबवायचा. पुढचे आपोआप सुटतात. लाठी उगारायची नाही. लाठी उगारली की पळापळ होते, आणि पळापळीत माणसं पडतात.

आणि बोलत राहायचं. "निधानवागि बन्नि, हिंदे सरियिरि" हे कन्नडात, लगेच "सावकाश या, मागं सरका" हे मराठीत. तिथे रामदुर्ग-बदामीकडचे लोक असतात तसे कोल्हापूर-सांगलीकडचेही असतात. एका वर्षी रात्री दोनच्या सुमाराला एक आजी कडेला बसून रडत होती. राधानगरीकडची. तिची माणसं चुकलेली. लाऊडस्पीकरवर हरवलेल्यांची नावं पुकारत होते, पण ती घोषणा कन्नडात, तिला काही कळेना. मी विचारलं, "आजी, कशातनं आलासा?" ट्रॅक्टरमधून. "ट्रॉलीवर ताडपत्री कसली?" निळी. गाड्यांच्या तळावर तिला घेऊन तासभर फिरलो. निळ्या ताडपत्र्या तिथे पन्नास असतील. शेवटी तिच्या सुनेनेच तिला लांबून ओळखलं. तेव्हापासून मला वाटतं की या डोंगरावर, चिंचलीच्या मायाक्कापाशी, विसर्जनाच्या रात्री कपिलेश्वर तलावावर दोन्ही भाषा बोलणारा माणूस गणवेशात उभा असायलाच हवा. अशी माणसं आपल्याच भागात आहेत. ती फॉर्मला घाबरून घरी बसली की मला वाईट वाटतं.

मुलींनी तर यावंच. बाईची झडती बाईनेच घ्यायची असते, आणि बायकांच्या रांगेत धक्काबुक्की झाली तर तिथे आम्ही पुरुष काय करणार? महिला होमगार्ड कायम कमी पडतात.

अधिकारांबद्दल एकच सांगतो. ड्युटीवर बोलावलेलं असतं तेव्हा कायद्याने होमगार्डला पोलिसासारखे अधिकार आणि संरक्षण असतं. ड्युटी संपली की तुम्ही साधे नागरिक. सुट्टीच्या दिवशी खाकी घालून चौकात गाड्या अडवणारा मी पाहिलाय. तो सगळ्यांचं नाव घालवतो. दल सोडलं की गणवेश आणि ओळखपत्र परत द्यायचं.

पुराचं शेवटी सांगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये वेदगंगेचं पाणी चढलं, निपाणीकडे महामार्ग बंद पडला, तेव्हा आम्ही तिकडे होतो. माणसं घर सोडायला तयार नव्हती. जीवाची भीती सगळ्यांनाच होती, पण गोठ्यात म्हैस होती. एक म्हातारबाबा म्हणाले, "तिला सोडून येत नाही." आम्ही आधी म्हैस काढली, मग बाबा स्वतःच निघाले. हे शिबिरात कुणी शिकवत नाही, पण गावाकडच्या पोराला ते न शिकवताच कळतं.

त्याच रात्री पावसाने माझा फोन बंद पडला. घरी दोन दिवस पत्ता नाही, आईने जेवण सोडलेलं. म्हणून शिबिराला जाताना दोन जोडी सुती मोजे, टॉवेल, टॉर्च, शिट्टी, ताट-वाटी घ्या, आणि एक छोटी वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवा. तिच्या पहिल्या पानावर तुमचा रक्तगट आणि घरच्या दोघांचे नंबर लिहा, बॉलपेनने. शाईचं पेन पाण्यात पुसलं जातं.