निदान उशिरा झालं म्हणजे ऑटिझम उशिरा आला का?

नमस्कार मंडळी. गेल्या दोन-तीन व्हिडिओंखाली तोच प्रश्न येतोय, "ताई, मोठेपणी ऑटिझम होतो का?" आज तेवढंच बोलूया.

आधी पाया, पटकन. ऑटिझम म्हणजे मेंदूची जडणघडणच निराळी. शेकडो जनुकांचा त्यात हात असतो. लसीमुळे होत नाही. डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा अभ्यास २०१९ मध्ये आला, त्यात गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीशी संबंध सापडला नाही. तरी कमेंटमध्ये अजून कुणीतरी 'लसीमुळेच होतो' असं लिहिणार आहे, आणि घाबरून एखादी आई बाळाची लस चुकवणार आहे. कृपा करून असं लिहू नका.

आता मुद्दा. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये केंब्रिजच्या संशोधकांचा अभ्यास आला. लहानपणीच निदान झालेले आणि पुढे किशोरवयात किंवा त्यानंतर झालेले, यांची जनुकीय ठेवण बरीच वेगळी निघाली. दुसऱ्या गटाला माणसांत वावरताना येणाऱ्या अडचणी किशोरवयात वाढत गेलेल्या दिसल्या. एडीएचडी (लक्ष टिकत नाही, चंचलपणा जास्त) आणि नैराश्याशी त्यांच्या जनुकांचं नातंही जास्त जवळचं.

झालं, लगेच व्हॉट्सॲपवर फिरायला लागलं, "उशिराचा ऑटिझम सौम्य असतो." अहो, असं त्या अभ्यासात म्हटलेलंच नाही! जनुकं तर जन्मापासूनचीच आहेत ना? पाचवी-सहावीनंतर मित्रांचे गट होतात, न बोललेलं ओळखावं लागतं, तेव्हा ओढाताण दिसायला लागते. दिसायला लागली तेव्हा, सुरू झाली तेव्हा नव्हे.

माझ्या मावसभावाचं सांगते. लग्नात बँड वाजायला लागला की हा कार्यालयाच्या मागे, भांडी घासायच्या जागी जाऊन उभा राहायचा. कानांवर हात, नजर नळाच्या धारेवर. नातेवाईक म्हणायचे माणूसघाणा, शाळेत म्हणायचे हुशार पण हट्टी. निदान झालं तिशीनंतर. आता सांगा, ऑटिझम तिशीत आला का? आणि सौम्य म्हणायचा, तर इतकी वर्षं त्यानं जे सोसलं ते कशात धरायचं?

अजून एका बाजूने बघा. लंडनच्या यूसीएल विद्यापीठाचा २०२३ चा अंदाज असा, की इंग्लंडमध्ये पन्नाशीपुढच्या दहापैकी नऊहून अधिक ऑटिस्टिक लोकांचं निदानच झालेलं नसावं. त्यांच्या लहानपणी नीट बोलणाऱ्या मुलाला कोण ऑटिस्टिक म्हणणार? ॲस्पर्गर, म्हणजे नीट बोलणाऱ्यांमधल्या ऑटिझमला तेव्हा दिलेलं नाव, अमेरिकन निदान-पुस्तिकेत आलं १९९४ मध्ये. एडीएचडी आणि ऑटिझम दोन्ही एकाच माणसाला असू शकतात, हे त्या पुस्तिकेनं मान्य केलं २०१३ मध्ये. म्हणजे माणूस होता तसाच होता, निकष बदलले.

एका काकूंनी विचारलंय, "बावन्नाव्या वर्षी तपासून काय करू?" काकू, अवश्य तपासा. डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत म्हणता, तर डॉक्टरांना ही बाजूही कळायला हवी. मोठ्यांचं निदान करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. ते लहानपणाबद्दल बरंच विचारतील, म्हणून जुनी प्रगतिपुस्तकं शोधून ठेवा. आई नसेल तर थोरल्या बहिणीला सोबत न्या. बोलायला कधी लागलात, खेळायचात कुणाबरोबर, कुठला कपडा टोचतो म्हणून रडायचात, हे तिला आठवत असेल.