बेकरबाईंची पट्टी

मंडळी, विषय जाहीर झालाय तो असा: ‘जॅनेट बेकर यांनी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ऑपेरा का सोडला?’ बेकरबाई म्हणजे इंग्लंडच्या मेझो-सोप्रानो गायिका, आणि ऑपेरा म्हणजे तिकडचं संगीत नाटक. तिथे जाणारच आहे. पण आधी एक जुनं दुखणं बोलून टाकतो, नाहीतर मला पुढे सुचायचं नाही.

बरीच वर्षं मी मित्रमंडळींना पाश्चात्त्य गाणं ऐकवत आलोय. मेझो-सोप्रानोची रेकॉर्ड लावली आणि हा आवाज सोप्रानोच्या, म्हणजे सगळ्यात उंच स्त्रीस्वराच्या, खालचा असं सांगितलं, की कुणीतरी हमखास विचारतं, ‘म्हणजे हिला वरचं लागत नाही का?’ एकदा तर एका कार्यक्रमाच्या पत्रिकेवर चक्क छापलं होतं, ‘मेझो म्हणजे दुय्यम स्त्रीस्वर’. मी संयोजकांना फोन केला. ते म्हणाले, ‘अहो, मेझो म्हणजे अर्धा, कोशातच आहे.’ आहे ना! इटालियनमध्ये मेझो म्हणजे अर्धा, आणि मेझो म्हणजे मधलाही. यांनी नेमका अर्धा उचलला. तेवढ्या एका शब्दावर आमचा पाऊण तास वाद झाला आणि पत्रिका तशीच वाटली गेली.

खरं तर आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. गाणारा बैठकीवर बसला की पेटीवाला आधी काय विचारतो? पट्टी. ती पट्टी गळा तारसप्तकात कुठवर पोचतो यावरून ठरत नाही. दोन-अडीच तास गळा कुठे सुखानं नांदतो, यावरून ठरते. गंगूबाई हनगल यांचा तो भारदस्त, जड आवाज ऐकताना आपण कधी म्हणतो का, की बाईंना वरचं लागेना? मेझोचं तेच आहे. बेकरबाईंनी १९७४ मध्ये लंडनच्या कोव्हेंट गार्डन ऑपेरागृहात मोझार्टच्या ऑपेरातली व्हितेलिया गायली, ती सोप्रानोची भूमिका. डोनिझेत्तीच्या ऑपेरातली राणी मेरी स्टुअर्टही सोप्रानोचीच. ती त्यांनी लंडनच्या इंग्लिश नॅशनल ऑपेरात गायली, तेव्हा वाद्यवृंदाचे संचालक चार्ल्स मॅकेरास यांनी स्वरलेखनाची पट्टी त्यांच्यासाठी उतरवली. यात लबाडी कसली? आपल्याकडे तर हे रोजचं आहे.

दुसरी तक्रार भूमिकांची. सोप्रानोला नायिका मिळते. मेझोच्या वाट्याला येतात दाई, चेटकीण, सवत, राजाची आई. आणि पोरगे! आपल्याकडे बालगंधर्वांनी शालू नेसून रंगभूमी गाजवली, तिथे बाया कमरेला तलवार लावून सेनापती होतात. बेकरबाई १९७९ मध्ये हँडलच्या ऑपेरात ज्युलियस सीझर झाल्या. बालगंधर्वांवर एक वेगळं व्याख्यान होईल, आज नको.

तर बाई. जन्म १९३३, यॉर्कशरमधलं हॅटफील्ड. दहा वर्षांच्या होत्या तेव्हा थोरला भाऊ पीटर हृदयविकारानं गेला. त्या घटनेनं जबाबदारी अंगावर आली आणि ती जन्मभर राहिली, असं त्यांनी पुढे रेडिओवरच्या मुलाखतीत सांगितलं. बँकेत नोकरी लागली, १९५३ मध्ये लंडनला बदली. नोकरी सांभाळून गाण्याची शिकवणी. १९५६ मध्ये बसनं धडक दिली. डोक्याला मार बसला आणि पाठीचं दुखणं कायमचं मागे लागलं. त्याच वर्षी विगमोर हॉलमध्ये गायिका कॅथलीन फेरियर यांच्या नावाची स्पर्धा झाली, तीत त्या दुसऱ्या आल्या.

आता माझा लाडका किस्सा. साल १९६९, फ्रेंच संगीतकार बर्लिओझच्या मृत्यूला शंभर वर्षं झालेली. त्याचा ‘ले त्रोयाँ’ हा प्रचंड ऑपेरा. नुसतं संगीतच चार तासांचं. कार्थेजची राणी डायडो, तिच्या दारी आलेला ट्रॉयचा इनियस. तो तिला सोडून जातो आणि ती चितेवर चढते. त्या वर्षी मे महिन्यात ग्लासगोला स्कॉटिश ऑपेरानं तो इंग्रजीत केला, डायडो बेकरबाई. मग लंडनला कोव्हेंट गार्डननं केला तो मूळ फ्रेंचमध्ये, वाद्यवृंद-संचालक कॉलिन डेव्हिस यांच्या हाताखाली. तिथली डायडो जोसेफीन व्हीझी, त्याही मेझो आणि फार चांगल्या. एका प्रयोगाला व्हीझी आजारी पडल्या. डायडो तोंडपाठ असलेलं जवळ कोण? बेकरबाई. पण त्यांची पाठ होती इंग्रजीत!

फ्रेंच त्यांना येत नव्हतं असं कृपा करून समजू नका. बर्लिओझचीच फ्रेंच गीतं त्यांनी दोन वर्षांपूर्वी वाद्यवृंद-संचालक बार्बिरोली यांच्याबरोबर रेकॉर्ड केली होती. पण एवढी मोठी भूमिका गळ्यात, श्वासात एका भाषेत बसलेली असते. ऐन वेळी शब्द बदलायला गेलात की श्वास चुकतो आणि श्वास चुकला की सूर. मग ठरलं, बाई इंग्रजीत गातील, बाकी सगळे फ्रेंचमध्ये. आणि तसंच झालं. ते रात्रीचं प्रेमद्वंद्वगीत डोळ्यांपुढे आणा: तो एका भाषेत विनवतोय, ती दुसऱ्या भाषेत उत्तर देतेय, शेवटी दोघं एकत्र गातात तेव्हा दोन भाषा एकमेकींवर चढलेल्या. पण नीट बघितलं तर गोष्ट तीच आहे ना! तो परदेशी, वाट चुकून आलेला, आणि ही तिथली राणी. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. मी ते कितीदा ऐकलंय याचा हिशेब नाही. पाच मिनिटांत भाषेचा विसर पडतो. बाईंचा प्रत्येक शब्द कळतो, आणि कळला नसता तरी चाललं असतं.

(चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं.)

मग मूळ मुद्दा भरभर मांडतो. बेकरबाईंचा मंचावरचा ऑपेरा जवळजवळ सगळा इंग्लंड-स्कॉटलंडमध्येच झाला. जगभर नाव झालं ते मैफिलींनी आणि रेकॉर्डनी. एल्गारची सागरगीतं, माहलर, बाख. संगीतकार बेंजामिन ब्रिटन हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर खचलेले असताना त्यांनी १९७५ मध्ये ‘फीड्रा’ ही गायनरचना लिहिली ती याच आवाजासाठी. ती बाईंनी पुढच्या जूनमध्ये ऑल्डबराला गायली आणि डिसेंबरात ब्रिटन गेले.

अशा बाईला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी थांबायचं कारण काय? मेझोचं आयुष्य तर लांब असतं. क्रिस्टा लुडविग १९९४ पर्यंत, वयाच्या सहासष्टाव्या वर्षापर्यंत गात होत्या. मघाशी सांगितलेल्या त्या दाया, चेटकिणी, राजमाता पुढे उभ्या असतात, हात पसरून. माझं मत असं, की बेकरबाईंनी त्या रांगेत उभं राहायचं नाकारलं. मधली पट्टी हे त्यांचं घर होतं, आणि त्या घरात त्यांना नायिकाच राहायचं होतं. निरोपासाठी भूमिका कोणत्या घेतल्या बघा: नवऱ्याऐवजी मरायला निघालेली अल्सेस्ते, वधस्तंभाकडे चालत जाणारी मेरी, आणि मागे वळून बघितल्यामुळे बायको गमावणारा ऑर्फेओ. तिन्ही मृत्यूच्या दारातल्या आणि तिन्ही मुख्य. १७ जुलै १९८२ ला ग्लाइंडबोर्नच्या ऑपेरा-महोत्सवात ग्लुकच्या ऑर्फेओचा शेवटचा प्रयोग झाला आणि तिथून पुढे ऑपेरा बंद. मैफिली मात्र आणखी सात वर्षं चालू होत्या. म्हणजे आवाज गेला म्हणून थांबल्या, हे म्हणणं टिकत नाही.

आणखी बरंच होतं, ते राहिलं. उरलेली मिनिटं बाईंना देतो. १९६१ ची रेकॉर्ड आहे. पुन्हा डायडोच, पण इंग्रज संगीतकार पर्सेलची. मरणाआधीचं गाणं. खालची ओळ कान देऊन ऐका: सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध आणि पंचम. एकेक पायरी उतरत जाते, पुन्हा पुन्हा तीच. वर बाई ‘रिमेंबर मी’ म्हणतात, ‘माझी आठवण ठेव’. आधी पंचमावरच, कुजबुजल्यासारखं. आणि मग तेच शब्द तार षड्जावर.

दिवे जरा कमी करा.