नट जगतो कशावर?

(एका नाट्यशिबिराच्या समारोपाला दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

काल दुपारी चहाच्या वेळी शिबिरातल्या एका मुलीचे वडील मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘ताई, खरं सांगा, यात पोट भरतं का?’ तालीम सुरू व्हायची होती, म्हणून मी त्यांना म्हटलं, उद्या सगळ्यांसमोरच बोलते. तेव्हा आज मी अभिनय कसा करावा हे सांगणार नाही, ते तुम्ही आठ दिवस ऐकलंय. नट जगतो कशावर, एवढंच बोलणार आहे.

या प्रश्नाची दोनच उत्तरं आपल्या कानावर येतात. एक, अमक्याने बंगला बांधला. दुसरं, तमका शेवटी हालात गेला. या दोघांच्या मधे जी शेकडो माणसं आयुष्यभर काम करत राहतात, त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. मी त्या मधल्यांपैकी आहे. नाटकांत आई, मावशी, शेजारीण, मालिकांत आत्या आणि मुख्याध्यापिका. माझं नाव पोस्टरवर असतं, पण चष्मा लावून शोधावं लागतं. चाळीस वर्षं झाली, आणि या कामावर माझा जीव आहे.

मी 1983 मध्ये टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागले. पाळीची नोकरी होती. रात्रपाळी कुणालाच नको असायची, मला हवी असायची, कारण दुपार-संध्याकाळ तालमीला मोकळी राहायची. बोर्डासमोर बसल्यावर कानाला हेडसेट आणि मांडीवर संवादांची वही. ट्रंक कॉल, म्हणजे परगावचा फोन, जोडून दिला की दोन ओळी पाठ करायच्या, पुन्हा दिवा लागला की ‘नंबर प्लीज’. शनिवार-रविवार प्रयोग असला की मैत्रिणी ड्युटी बदलून द्यायच्या. त्यांच्यापैकी कुणी कधी स्टेजवर आली नाही, पण माझ्या पहिल्या शंभर प्रयोगांतला निम्मा वाटा त्यांचा आहे, असं मी आजही मानते.

हे माझं एकटीचं नाही. आपली रंगभूमी ज्या काळात बहरली असं आपण म्हणतो, त्या काळातल्या नटांच्या नोकऱ्या बघा. अशोक सराफ स्टेट बँकेत होते. अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात, नाटककार रत्नाकर मतकरीही त्याच बँकेत, थेट 1978 पर्यंत. प्रशांत दामले ‘बेस्ट’मध्ये. लक्ष्मीकांत बेर्डे मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी करत होते, म्हणजे नाट्यगृह हेच त्यांचं ऑफिस. भक्ती बर्वे आकाशवाणीवर निवेदन करायच्या, दूरदर्शनवर बातम्या वाचायच्या. सुलभा देशपांडे छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधली बेणारेबाई शिक्षिका आहे, आणि ती उभी करणारी बाईही सकाळी खडू हातात घेऊन वर्गावर जाणारी होती. पुढे त्याच शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकांची छबिलदास चळवळ उभी राहिली. निळू फुले पुण्यात सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळी होते आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात काम करत होते. दादा कोंडके अपना बाजारात कामाला होते.

ही नावं मी ‘बघा, किती खालून वर आले’ हे दाखवायला घेत नाही. मला वेगळंच म्हणायचंय. त्या काळातलं नाटक तिकीटबारीवर जगलं, तितकंच पगारावर जगलं. बँका, विमा, पालिका, गिरण्या, सरकारी दवाखाने यांनी न कळत मराठी नाटकाला पोसलं. महिन्याच्या महिन्याला पगार येत होता, म्हणून माणसं राज्य नाट्य स्पर्धेसाठी तीन-तीन महिने तालमी करू शकत होती, आणि न चालणारं नाटक करायची हिंमतही करू शकत होती.

डॉक्टरांचं तर वेगळंच आहे. एकाच पेशातली तीन माणसं आणि तीन वाटा. डॉ. काशिनाथ घाणेकर दंतवैद्य. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मधल्या संभाजीनंतर लोकांनी त्यांना दवाखान्यात राहूच दिलं नाही. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन. पुण्यात आणि टांझानियात प्रॅक्टिस केलेला माणूस 1969 मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी पूर्णवेळ नट झाला आणि पुढच्याच वर्षी, 23 डिसेंबर 1970 ला ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आलं. आणि डॉ. मोहन आगाशे! 1972 पासून ‘घाशीराम कोतवाल’चे नाना फडणवीस, पण मनोविकारतज्ज्ञाचं काम त्यांनी सोडलं नाही. यातली कुठली वाट बरोबर, असं मला विचारू नका. सोडणाऱ्याचं धाडस आपल्याला दिसतं. न सोडणाऱ्याचीही एक निष्ठा असते, आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो.

आता मुंबई-पुणे जरा बाजूला ठेवू.

काही वर्षांपूर्वी मी सिंधुदुर्गात एका जत्रेला गेले होते. देवळाच्या बाजूच्या पडवीत दशावतारी मंडळी रंगायला बसली होती. सतरंजी, समोर पत्र्याची ट्रंक, ट्रंकेच्या झाकणाला टेकवलेला हाताएवढा आरसा. रंगभूषाकार वगैरे कुणी नाही, ज्याने त्याने आपला चेहरा आपणच रंगवायचा. एक गृहस्थ साठीच्या पुढचे. बोटाने कपाळाला सफेदा लावता लावता शेजारच्या मुलाला त्या रात्रीचं कथानक सांगत होते: तू इथून येणार, मी तुला अडवणार, मग आपलं बोलणं. छापील संहिता नाही. कोण काय बोलणार ते रंगमंचावर ठरणार. त्यांच्या नखांत माती होती. मी विचारलं, शेती का? म्हणाले, ‘भात झाला, आता काजूंची वाट बघतो.’ पहाटेपर्यंत ते राजा होते, असा राजा मी मोठ्या नाट्यगृहांतसुद्धा क्वचित पाहिलाय. उजाडल्यावर तोंड धुऊन त्यांनी ट्रंक स्वतः उचलली. तिकडे म्हणतातच, रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा. ही म्हण ऐकली की लोकांना त्यांची दया येते. मला त्या सकाळी दया आली नाही. शेताची कामं आटोपली की जत्रा सुरू, पाऊस आला की पुन्हा नांगर. कलेचा आणि पोटाचा हंगाम एकमेकांच्या आड येणार नाही अशी सोय त्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या बसवली आहे.

पूर्व विदर्भातली झाडीपट्टी अशीच. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया. धान घरात आलं की दिवाळीनंतर गडचिरोलीतल्या वडसा गावी नाटकं ठरायला लागतात, ती होळीपर्यंत चालतात. शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, मंडई म्हणजे जत्रा, आणि रात्रभराचं नाटक. तिथले नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा शहरातल्या अनेक नटांनी ते नाव पहिल्यांदा ऐकलं. हे मला फार लागलं. पाच हजारांवर प्रयोग केलेला माणूस, आणि आपल्याला माहीत नाही!

पण सगळीकडे अशी सोय नसते. तमाशात नाही. फडमालकाकडून पावसाळ्यात उचल घ्यायची आणि हंगामभर ती फेडायची, असं तिथलं अर्थकारण. विठाबाई नारायणगावकर यांनी बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर, म्हणजे तमाशाच्या मंचावर, पाय ठेवला, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. मला ती सांगताना त्रास होतो. त्या बाईला रजा द्यायला कुणी नव्हतं, एवढाच तिचा अर्थ. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झालेल्या या कलावतीचे शेवटचे दिवस पैशाच्या ओढाताणीत गेले. 2002 मध्ये त्या गेल्या. भगवानदादाही त्याच वर्षी गेले. गिरणीतल्या कामगाराचा ‘अलबेला’ सिनेमाचा मालक झाला, जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला झाला, आणि शेवट दादरच्या चाळीत. ललिता पवारांचं उदाहरण मात्र मुलींनी जरूर लक्षात ठेवावं. 1942 मध्ये चित्रीकरणात बसलेल्या थपडेने चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली आणि डोळा कायमचा अधू झाला. नायिकेचं काम संपलं. उपचारांत काही वर्षं गेली, आणि मग तोच डोळा घेऊन त्या खाष्ट सासूच्या भूमिकांत उभ्या राहिल्या, थेट ‘रामायण’ मालिकेतल्या मंथरेपर्यंत.

आता तुमच्या काळाकडे येते, कारण खरी काळजी मला त्याची आहे. 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या, त्यांच्याबरोबर कामगारांची नाटकं आटत गेली. बँकांत नट म्हणून मिळणारी सवलत गेली. 1999 मध्ये अल्फा मराठी सुरू झाली, रोजच्या मालिका आल्या, आणि पहिल्यांदाच माझ्यासारख्या मधल्या नटांना नोकरीशिवाय जगता येईल असं वाटलं. बऱ्याच जणांना जगताही आलं. पण मालिकेत पगार नसतो, ‘पर डे’ असतो. महिन्याला किती दिवस लागतील हे कथानक ठरवतं. माझी आत्या एका शुक्रवारी काशीला गेली आणि परत आलीच नाही. मला ते सेटवर स्क्रिप्ट हातात आल्यावर कळलं. केलेल्या कामाचे पैसे नव्वद दिवसांनी. एका निर्मात्याकडचे माझे सदतीस दिवसांचे पैसे अजून यायचे आहेत, आणि त्याला आता नऊ वर्षं झाली. नाटकात प्रयोगाच्या मानधनाला आम्ही ‘नाइट’ म्हणतो. प्रयोग झाला तर नाइट, नाही तर नाही.

मी जानेवारी 2020 मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली, आता मनासारखं नाटक करायचं म्हणून. मार्चमध्ये नाट्यगृहं बंद झाली. मला पेन्शन होती. आमच्या नाटकाची प्रकाशयोजना सांभाळणारा मुलगा हातगाडीवर भाजी विकत होता. ऑक्टोबर 2021 मध्ये नाट्यगृहं पुन्हा उघडली, तेव्हा तो परत आला, पण आमचे दोघे नेपथ्यवाले आलेच नाहीत.

म्हणून त्या वडिलांना माझं उत्तर असं आहे. पोट भरतं, पण एका ताटात भरत नाही. माझंच सांगते. मी नाटक करते, मालिका मिळाली तर करते, आठवड्यातून दोन-तीन दिवस डबिंग करते, शाळांत वाचिक अभिनय शिकवते, बोलकी पुस्तकं वाचते. डबिंगच्या बंद खोलीत कानाला हेडफोन लावला की मला अजून ट्रंक कॉलचा बोर्ड आठवतो. तिथे आवाज सपाट, स्वच्छ ठेवायची सवय लागली, ती इथे कामाला आली. तुमच्यापैकी कुणी उद्या औषधांच्या दुकानात बसेल, कुणी कोडिंग करेल, कुणी शिकवण्या घेईल. ते लपवू नका. ‘स्ट्रगल चालू आहे’ असं म्हणू नका. तुम्ही काम करताय.

आणि काही अगदी साध्या गोष्टी. करारपत्र वाचल्याशिवाय सही करू नका, त्याची प्रत मागून घ्या. किती दिवस काम केलं ते रोज रात्री वहीत लिहा, कॉल टाइम आणि पॅकअप दोन्ही. आपल्या संघटनेचं सभासदत्व घ्या. आरोग्यविमा पहिल्या चेकमधून काढा. गावाकडे कुणी वृद्ध कलावंत माहीत असतील तर त्यांना सरकारच्या मानधन योजनेचा अर्ज भरून द्या. महिना पाच हजार मिळतात, आणि कित्येकांचे अर्ज केवळ जुन्या प्रयोगांचे पुरावे नाहीत म्हणून अडतात. हँडबिलं, पेपरातली कात्रणं जपून ठेवा, स्वतःचीही.

कालची ती मुलगी समोर बसली आहे, वडीलही आहेत. काका, तिचा काल संध्याकाळचा प्रवेश तुम्ही पाहिला नाहीत, निघून गेला होतात. जेवणानंतर तो ती पुन्हा करणार आहे. तुम्ही पुढच्या रांगेत बसा.