सहा साधनं, एक माणूस

नमस्कार. आजचा विषय पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्समधली ऑल-अराउंड स्पर्धा. तुमच्यापैकी बरेच जण पालक म्हणून आलेत, काही प्रशिक्षक आहेत, म्हणून सुरुवात अगदी मुळापासून करतो.

साधनं सहा: फ्लोअर, पॉमेल हॉर्स (दोन मुठींचा घोडा), रिंग्ज, व्हॉल्ट (धावत येऊन हात टेकून मारायची उडी), पॅरलल बार आणि हाय बार. शेवटच्या दोघांना आपल्या व्यायामशाळेत डबल बार, सिंगल बार म्हणतात. ऑल-अराउंडमध्ये एकाच खेळाडूने या सहाही साधनांवर उतरायचं. गुणांची बेरीज होते आणि ज्याची बेरीज सर्वांत मोठी, तो विजेता. नियम इतका सोपा. अवघड आहे ते शरीराचं गणित. फ्लोअर आणि व्हॉल्टला मांड्यांत स्फोटक ताकद लागते. त्याच जड मांड्या पॉमेल हॉर्सवर हातांच्या जोरावर फिरवायच्या म्हटल्या की ओझं होतात. रिंग्जवर क्रॉस, म्हणजे दोन्ही हात बाजूंना आडवे ताणून शरीर स्थिर धरायला खांदे आणि छाती भरलेली लागते, पण हाय बारवर दांडा सोडून हवेत जाऊन पुन्हा पकडताना शरीर हलकं, लांब आणि मोकळं हवं. म्हणजे एका साधनासाठी शरीर घडवलं की दुसऱ्या साधनावर त्याची किंमत मोजावी लागते. ही किंमत कोणी, किती आणि कशी मोजायची, याचं उत्तर गेली सव्वाशे वर्षं बदलत आलंय. माझ्या मते या स्पर्धेचा खरा इतिहास हाच आहे. विजेत्यांची यादी कुठेही मिळेल. ‘परिपूर्ण’ कोणाला म्हणायचं याचे नियम कसे बदलले, ते मात्र नीट पाहायला हवं.

१९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सची एकच स्पर्धा होती, ती हीच. १३५ स्पर्धक उतरले आणि फ्रान्सचा गुस्ताव्ह सांद्रास जिंकला. पण त्या बेरजेत बार आणि रिंग्जच्या जोडीला बांबू उडी होती, दोर चढणं होतं, वजन उचलणंही होतं. पुढच्या सेंट लुईसच्या ऑलिंपिकमध्ये, १९०४ साली, धावणं, लांब उडी आणि गोळाफेक यांचे गुण जिम्नॅस्टिक्सच्या गुणांत मिसळले गेले. तिथे अमेरिकेचा जॉर्ज आयझर होता. त्याचा डावा पाय लाकडी होता. त्या पायानिशी त्याने सहा पदकं जिंकली, त्यांत पॅरलल बार, दोर चढणं आणि व्हॉल्ट यांची सुवर्णपदकं होती. हो, व्हॉल्टसुद्धा. पण शंभर यार्ड धावायचं आणि लांब उडी मारायची म्हटल्यावर तो साहजिकच पार मागे पडला. साधनांवर त्या वर्षी त्याच्यासारखे फार थोडे होते आणि धावणं-उड्या धरून केलेल्या ‘सर्वांगीण’ यादीत मात्र त्याला वर जागा नव्हती. मोजपट्टी काय मोजते यावर माणूस मोठा की लहान हे कसं ठरतं, त्याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

सेंट लुईसलाच मुद्गल फिरवण्याची स्पर्धाही झाली होती आणि १९३२ ला लॉस एंजेलिसमध्ये ती पुन्हा झाली. आपल्या आखाड्यांतला हा प्रकार इंग्रजांनी उचलला, युरोप-अमेरिकेत नेला आणि तिथून तो ऑलिंपिकपर्यंत पोहोचला. ऑलिंपिकमध्ये मात्र तो टिकला नाही. आज आपण ओळखतो ती सहा साधनं हळूहळू पक्की होत गेली. १९२४ मध्ये पॅरिसला युगोस्लाव्हियाचा लिऑन श्टुकेल जिंकला, तेव्हाही दोर चढण्याचे गुण धरले जात होते. हे श्टुकेल पुढे १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या उद्घाटनाला, वयाच्या ९७ व्या वर्षी, ताठ चालत आले होते.

१९५२ ला हेलसिंकीत सोव्हिएत संघ पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये उतरला आणि व्हिक्टर चुकारिन विजेता झाला. चुकारिन युक्रेनमधला. युद्धात जर्मनांच्या हाती सापडला, बुखेनवाल्डसह अनेक छावण्यांतून फिरला. सुटला तेव्हा अंगावर मांस उरलं नव्हतं. असा माणूस तिसाव्या वर्षी जगातला सर्वोत्तम जिम्नॅस्ट ठरतो आणि चार वर्षांनी मेलबर्नला, पस्तिशीत, पुन्हा ठरतो! जिम्नॅस्टिक्स लहान वयातच संपतं असं मानणाऱ्या पालकांनी हे नाव लक्षात ठेवावं.

मेलबर्नला चुकारिनचे गुण ११४.२५ आणि जपानच्या ताकाशी ओनोचे ११४.२०. तेव्हा प्रत्येक साधनावर दोन रचना, म्हणजे सलग जोडलेल्या कसरती, कराव्या लागत: एक सक्तीची, सगळ्यांना सारखीच, आणि एक स्वतःची. म्हणजे बारा रचना, कमाल १२० गुण. बारा रचनांनंतर फरक ०.०५ चा. चार वर्षांनी रोमला ओनो पुन्हा दुसरा आला, या वेळी बोरिस शाखलिनच्या मागे. ११५.९५ आणि ११५.९०. फरक पुन्हा तोच, ०.०५. पुढे १९६८ ला मेक्सिकोत जपानच्या सावाओ कातोने मिखाईल व्होरोनिनला हरवलं, तेही ०.०५ नेच. ओनोला ऑल-अराउंडचं सुवर्ण कधीच मिळालं नाही. १९६४ ला टोकियोत ऑलिंपिक आलं तेव्हा खेळाडूंच्या वतीने शपथ घ्यायचा मान त्याला मिळाला, आणि ऑल-अराउंड जिंकला त्याचा सहकारी युकिओ एंडो.

१९५२ ते १९९२ या चाळीस वर्षांत हे सुवर्ण एकतर सोव्हिएत व्यवस्थेत घडलेल्या खेळाडूकडे गेलं किंवा जपानकडे. १९७२ ला म्युनिकमध्ये तर तिन्ही पदकं जपानची होती. पुढे एका देशाचे किती खेळाडू अंतिम फेरीत जाऊ शकतात यावर मर्यादा आली. आज ती दोन आहे. जगातला तिसरा सर्वोत्तम खेळाडू केवळ त्याच्या देशात आणखी दोन चांगले आहेत म्हणून घरी बसतो, हे मला आजही पटत नाही.

या काळातला एक खेळाडू माझ्या विशेष जवळचा आहे. दिमित्री बिलोझेरचेव्ह. १९८३ ला बुडापेस्टमध्ये, सोळाव्या वर्षी, तो जगज्जेता झाला. दुसऱ्या वर्षी सोव्हिएत संघाने लॉस एंजेलिसवर बहिष्कार टाकला. त्या ऑलिंपिकमध्ये जपानचा कोजी गुशिकेन ०.०२५ ने जिंकला, अमेरिकेच्या पीटर विडमारवर मात करून. गुशिकेनलाही १९८० चं मॉस्को बहिष्कारापायी हुकलं होतं, म्हणजे दैवाचं हे देणं-घेणं दोन्हीकडे झालं. बिलोझेरचेव्हचं दुर्दैव मात्र तिथेच थांबलं नाही. १९८५ ला मोटार अपघातात त्याच्या पायाच्या हाडाचे चाळीसहून अधिक तुकडे झाले. पाय वाचतो की नाही अशी वेळ आली होती. आणि १९८७ ला रॉटरडॅममध्ये तोच माणूस पुन्हा जगज्जेता झाला. त्या पायावर फ्लोअरच्या उड्या, त्या पायावर व्हॉल्टचं लँडिंग. सोलला १९८८ मध्ये त्याला ऑल-अराउंडचं कांस्य मिळालं. सुवर्ण व्लादिमीर आर्तेमोव्हचं.

१९९६ ला ली शियाओश्वांग चीनचा पहिला ऑल-अराउंड ऑलिंपिक विजेता झाला. त्याच ऑलिंपिकनंतर सक्तीच्या रचना बंद झाल्या. सक्तीची रचना पाहायला कंटाळवाणी असे, हे खरं. पण पाया कोणाचा कच्चा आहे हे ती लपू देत नसे. ती गेली, सांघिक स्पर्धेत प्रत्येक साधनावर कमी खेळाडू पाठवण्याची पद्धत आली आणि एक-दोन साधनांचे तज्ज्ञ वाढले.

आता अथेन्स, २००४. इथे मी जरा थांबणार आहे. अमेरिकेचा पॉल हॅम चौथ्या साधनावर, व्हॉल्टवर, उतरताना कोसळला. ९.१३७. थेट बाराव्या स्थानावर. त्यानंतर पॅरलल बारवर ९.८३७ आणि हाय बारवर पुन्हा ९.८३७. एकूण ५७.८२३, आणि ०.०१२ ने सुवर्ण. दुसरा कोरियाचा किम दे-उन, तिसरा कोरियाचाच यांग ते-योंग, ५७.७७४ गुणांवर. मग लक्षात आलं की यांगच्या पॅरलल बारच्या रचनेचं सुरुवातीचं मूल्य, म्हणजे ज्यातून चुकांचे गुण कापतात तो आकडा, १०.० असायला हवं होतं, पंचांनी ९.९ धरलं. तो ०.१ मिळाला असता तर बेरीज ५७.८७४ झाली असती, म्हणजे सुवर्ण. आंतरराष्ट्रीय महासंघाने चूक मान्य केली, तीन पंचांना निलंबित केलं आणि पदक सोडून द्यावं असं हॅमलाच सुचवलं. चूक पंचांची आणि परतफेड खेळाडूने करायची, हे मला तेव्हाही गैर वाटलं, आजही वाटतं. प्रकरण क्रीडा लवादाकडे गेलं. तक्रार वेळेत झाली नव्हती आणि मैदानावरच्या निर्णयात लवाद हात घालत नाही, म्हणून निकाल कायम राहिला. त्यात आणखी एक गुंतागुंत होती. चित्रफितीत यांगच्या त्याच रचनेत एक लटकण्याची स्थिती जास्तीची दिसत होती, तिचे गुण कापलेच गेले नव्हते. म्हणजे चूक एका बाजूने दुरुस्त करायची तर दुसऱ्या बाजूनेही करावी लागली असती. यांगबद्दल मला मनापासून वाईट वाटतं, पण हॅमने पदक ठेवलं ते योग्य केलं.

या गोंधळानंतर, २००६ पासून, दहापैकी गुण देण्याची पद्धत गेली. काठिण्याचे गुण वेगळे आणि सफाईचे वेगळे. सफाईचे अजूनही दहातून कापले जातात. काठिण्याला वर मर्यादा नाही. नव्या पद्धतीत सर्कस होईल अशी भीती होती. तिला उत्तर मिळालं ते कोहेई उचिमुराकडून. २००८ ला बीजिंगमध्ये पॉमेल हॉर्सवर पडूनही त्याने रौप्य मिळवलं आणि २००९ ते २०१६ या काळात जागतिक स्पर्धेचं किंवा ऑलिंपिकचं एकही ऑल-अराउंड तो हरला नाही. सहा जागतिक, दोन ऑलिंपिक. अवघड रचना आणि पायांची बोटंही न विस्कटणारी सफाई, दोन्ही एकाच माणसात. २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये शेवटच्या साधनाआधी युक्रेनचा ओलेह व्हेर्न्यायेव्ह ०.९०१ ने पुढे होता. उचिमुराने हाय बारवर १५.८०० घेतले. व्हेर्न्यायेव्हला १४.९०० पुरले असते, मिळाले १४.८००. नंतर पत्रकारांनी उचिमुराला विचारलं की पंच तुमच्या बाजूने झुकतात का, तेव्हा त्याची बाजू घेऊन त्या प्रश्नावरच हरकत घेतली ती व्हेर्न्यायेव्हने.

आपल्याबद्दल थोडं. ऑलिंपिकमध्ये भारताचे पुरुष जिम्नॅस्ट शेवटचे दिसले ते १९६४ ला. आशिष कुमारने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत फ्लोअरवर कांस्य आणि व्हॉल्टवर रौप्य मिळवलं, दीपा कर्माकर रिओत व्हॉल्टला चौथी आली. ही यशं फार मोठी आहेत. पण ती पाहून दहा-अकरा वर्षांच्या मुलाला एकाच साधनाला जुंपू नका, अशी माझी इथल्या प्रशिक्षकांना कळकळीची विनंती आहे. मल्लखांब केलेल्या मुलांना पकड आणि उलटं होण्याची भीड नसणं आधीच मिळालेलं असतं. त्यांना पॉमेल हॉर्सवर लवकर बसवा. मुलं सगळ्यांत जास्त टाळतात ते तेच साधन, आणि ऑल-अराउंडमधले निम्मे घात तिथेच होतात.

शेवटी चीनचा शियाओ रुओतेंग. २०१७ ला जगज्जेता. २०१८ ला दोहामध्ये त्याची आणि रशियाच्या आर्तूर दालालोयानची बेरीज तंतोतंत सारखी, ८७.५९८. बरोबरी सोडवण्याच्या नियमाने सुवर्ण दालालोयानला. २०२१ ला टोकियो ऑलिंपिकमध्ये हाय बारची रचना संपल्यावर पंचांना रीतसर अभिवादन न केल्याबद्दल शियाओचे ०.३ कापले गेले. अनेकांना वाटतं त्यामुळे सुवर्ण गेलं, पण तसं नाही: ते ०.३ धरले तरी ८८.३६५ होतात आणि १९ वर्षांच्या दाइकी हाशिमोतोचे ८८.४६५ होते. २०२४ ला पॅरिसमध्ये जपानचा शिन्नोसुके ओका ८६.८३२ गुणांनी जिंकला. पहिल्याच साधनावर, फ्लोअरवर, पडलेला झांग बोहेंग तिथून वर येत दुसरा आला. आणि तिसरा, अठ्ठाविसाव्या वर्षी, सहाही साधनं खेळून, शियाओ.